उपग्रहावरून हौशी रेडिओ: पहिल्या दहा आठवड्यांची नोंद

जमिनीवरच्या रिपीटरवर (ऐकलेला आवाज पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावर) बोलण्याची सवय झालेला हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, उपग्रहाकडे वळला की त्याला पहिली काळजी वाटते ती आपला आवाज वर पोहोचेल का, याची. दहा आठवड्यांपूर्वी मलाही तीच होती आणि ती चुकीच्या जागी होती. पाच वॅटचा हँडहेल्ड, म्हणजे हातात मावणारा संच, मोकळ्या आकाशात सहज वर पोहोचतो. खरी कसरत उलट दिशेची आहे, कारण मी ज्याच्यावर सराव केला त्या एसओ-५० या उपग्रहाचा प्रक्षेपक जेमतेम पाव वॅटचा आहे आणि त्याचा क्षीण आवाज सुमारे दहा मिनिटांच्या फेरीत, म्हणजे तो उगवल्यापासून मावळेपर्यंतच्या वेळात, सतत बदलणाऱ्या वारंवारतेवर पकडावा लागतो. म्हणून परवाना आधीपासून हातात असूनही पहिले पाच आठवडे केवळ ऐकायचे, असे मी ठरवले होते.

पहिल्या आठवड्यात संचासोबत आलेल्या आखूड रबरी अँटेनावर १४५.८२५ मेगाहर्ट्झला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या पॅकेट (मजकूर पाठवणाऱ्या डिजिटल) प्रक्षेपणाचे कर्कश फटकारे ऐकू आले. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असते, त्याचा सिग्नल दणकट असतो आणि या पट्ट्यात डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, वारंवारतेत होणारा बदल साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपासच राहतो, त्यामुळे एफएमवर काहीही न फिरवता काम भागते. या सहज यशाने मी थोडा फुशारलो, आणि पुढच्या दोन आठवड्यांत त्याच अँटेनावर एसओ-५० च्या सात फेऱ्यांमध्ये एक अक्षरही ऐकू आले नाही.

त्यातल्या किमान तीन फेऱ्या निव्वळ स्क्वेल्चमुळे, म्हणजे सिग्नल जोरदार नसेल तर स्पीकर मुका ठेवणाऱ्या सोयीमुळे, वाया गेल्या. जमिनीवरच्या सवयीने मी स्क्वेल्च लावून ठेवला होता आणि उपग्रहाचा सिग्नल ते दार उघडण्याइतका जोरदार कधीच नव्हता. उपग्रह ऐकताना स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवून खरखर सहन करावी लागते. सिग्नल येऊ लागला की आधी ती खरखर दबते आणि मग आवाज उमटतो. कान तयार होणे म्हणजे हे दबणे ओळखता येणे.

दुसरी अडचण डॉप्लरची होती. एसओ-५० ची डाउनलिंक, म्हणजे खाली पाठवण्याची वारंवारता, ४३६.७९५ मेगाहर्ट्झ आहे, पण उपग्रह क्षितिजावर उगवतो तेव्हा ती सुमारे दहा किलोहर्ट्झ वर आणि मावळताना तितकीच खाली सरकलेली असते. मी ४३६.८०५ पासून ४३६.७८५ पर्यंत पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने पाच मेमरी चॅनेल भरून ठेवले आहेत. फेरी उंच जाणारी असेल तर मधले तीन चॅनेल भराभर बदलावे लागतात, कारण उपग्रह सर्वांत जवळ असतानाच वारंवारता सर्वांत वेगाने घसरते. अपलिंक, म्हणजे आपण वर पाठवण्याची वारंवारता, १४५.८५० वर असल्याने तिच्यावरचा परिणाम तिसऱ्या हिश्शाचा असतो आणि एफएममध्ये ती जागची हलवावी लागत नाही.

चौथ्या आठवड्यात लाकडी पट्टीवर अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या बसवून यागी, म्हणजे एका दिशेला रोखण्याची अँटेना, तयार केली: १४५ साठी तीन घटक आणि त्यांना काटकोनात ४३५ साठी पाच. बांधणीबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. केबल मात्र एक मीटरहून लांब ठेवू नये, कारण बारीक कोएक्सिअल केबल ४३५ मेगाहर्ट्झला बराच सिग्नल गिळते. पहिल्याच फेरीत उपग्रहाचा उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) बारा अंश होताच आवाज स्पष्ट झाला. क्षितिजावर असताना उपग्रह डोक्यावरच्या अंतराच्या चौपटीहून अधिक दूर असतो आणि तिथून येणारी शक्ती साधारण विसाव्या भागावर येते. शिवाय खाली घरे आणि झाडे आडवी येतात. त्यामुळे दहा अंशांखालच्या मिनिटांची अपेक्षाच मी सोडून दिली आहे.

यागी हातात आली तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. सिग्नल अचानक बसला तर आधी दिशा शोधत न बसता मनगट फिरवून यागी तिच्या अक्षाभोवती वळवावी. उपग्रह गिरक्या घेत असतो, त्याच्या लहरींचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा, आपल्या कांड्यांच्या दिशेशी जुळेनासे होते, आणि पाव वळण दिले की बहुतेक वेळा आवाज परत येतो. दुसरी गोष्ट होकायंत्राची. लोखंडी कठड्याजवळ उभा राहून मी एक आख्खी फेरी पंधरा-वीस अंश चुकीच्या दिगंशाकडे (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेकडे) यागी रोखून घालवली. आता ध्रुवताऱ्यावरून उत्तर ठरवून जमिनीवर खडूच्या खुणा केल्या आहेत. कक्षेची आकडेवारी, म्हणजे टीएलई, दर आठवड्याला सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावरून ताजी करून जीप्रेडिक्ट या फेऱ्यांच्या वेळा सांगणाऱ्या प्रणालीत भरतो. अंतराळ स्थानक अधूनमधून आपली कक्षा उचलून घेत असल्याने त्याची आकडेवारी मात्र फेरीच्या आदल्या दिवशीच घेणे बरे.

सहाव्या आठवड्यात प्रक्षेपण सुरू केले. एसओ-५० च्या अपलिंकवर ६७.० हर्ट्झचा टोन, म्हणजे आवाजाखाली चालणारा खुणेचा बारीक सूर, सतत द्यावा लागतो, तो मी भरलेला होता. तरी पहिल्या फेरीत पूर्ण शांतता होती. उपग्रहावर त्याचा प्रक्षेपक दहा मिनिटे चालू ठेवणारा टायमर आहे आणि तो चालू करण्यासाठी आधी ७४.४ हर्ट्झचा टोन क्षणभर पाठवावा लागतो, हे वाचलेले असूनही ते दुसरे कोणीतरी करीलच असे मी गृहीत धरले होते. त्या फेरीत कोणीच केले नसावे. आता त्यासाठी वेगळा मेमरी चॅनेल आहे, आणि सुरुवातीला अर्धा मिनिट ऐकूनही काही हालचाल नसेल तरच मी तो वापरतो.

पुढची दोन आठवड्यांची झटापट अधिक बोधप्रद ठरली. पाठवताना स्वतःचा आवाज उपग्रहावरून उतरताना ऐकू यायला हवा, तरच आपण पोहोचतो आहोत आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर चढत नाही आहोत याची खात्री पटते. त्यासाठी मी दोन संच घेतले, एक पाठवायला आणि एक ऐकायला. पण पीटीटी, म्हणजे बोलण्यासाठी दाबायचे बटण, दाबले की ऐकण्याचा संच बहिरा होई आणि सोडले की पुन्हा इतरांचे आवाज येत. १४५.८५० ची तिप्पट ४३७.५५० होते, म्हणजे माझ्याच प्रक्षेपकाचा तिसरा गुणित (मूळ वारंवारतेच्या तिपटीवर निघणारा नको असलेला सिग्नल) मी ऐकत असलेल्या वारंवारतेपासून पाऊण मेगाहर्ट्झवर येऊन बसत होता. शिवाय एकाच पट्टीवरच्या यागीतून १४५ ची मूळ शक्तीही ऐकणाऱ्या संचाच्या तोंडावर आदळत होती. शक्ती पाच वॅटवरून दोनवर आणली तेव्हा थोडा फरक पडला. दोष खऱ्या अर्थाने गेला तो दोन्ही पट्ट्यांना वेगळे काढणारा डायप्लेक्सर बसवल्यावर. पारख सोपी आहे: कोणीतरी क्षीण आवाजात बोलत असेल तेव्हा आपल्या प्रक्षेपकाला अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे लहरी बाहेर न सोडता शक्ती जिरवणारा रोध, लावून पीटीटी दाबावे, मग अँटेना लावून दाबावे. पहिल्या वेळी आवाज टिकला आणि दुसऱ्या वेळी गेला, तर दोष अँटेनाच्या वाटेने येतो आहे. अर्थात ही परीक्षा गर्दीच्या फेरीत करू नये. हेडफोनही हवेतच, नाहीतर स्पीकरमधून उतरलेला आपलाच आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून शिट्टी घुमू लागते.

नवव्या आठवड्यात ५८ अंशांच्या फेरीत पहिला संपर्क झाला. मी कॉलसाईन (परवान्यावरचे आपले संकेतनाव) आणि ग्रिड लोकेटरची, म्हणजे आपली जागा सांगणाऱ्या संकेताची, चार अक्षरे-अंक उच्चारले, समोरून कॉलसाईन, लोकेटर आणि ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे सिग्नल स्पष्ट आणि जोरदार असल्याची खूण, आले, मी पोच दिली. सगळे मिळून वीस सेकंदही लागले नसतील. एफएमच्या उपग्रहावर एका वेळी एकच आवाज मावतो, त्यामुळे हवापाण्याच्या गप्पांना तिथे जागा नाही. मी प्रत्येक फेरी ध्वनिमुद्रित करतो, हे त्या दिवशी उपयोगी पडले. गडबडीत मी समोरच्याच्या कॉलसाईनचे शेवटचे अक्षर चुकीचे लिहिले होते.

आता लक्ष आहे ते रेषीय ट्रान्सपाँडर, म्हणजे वारंवारतांचा एक आख्खा पट्टा खाली उतरवणारी यंत्रणा, असलेल्या उपग्रहांवर. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सुटलेला एओ-७ बॅटरी निकामी होऊन १९८१ मध्ये गप्प झाला, आणि २००२ मध्ये सौरपट्ट्यांच्या थेट विजेवर पुन्हा बोलू लागला. सूर्यप्रकाशात असतानाच तो चालतो. सुरुवात मात्र आरएस-४४ पासून करतो आहे, कारण तो १२०० ते १५०० किलोमीटरच्या दरम्यान फिरतो आणि त्याची चांगली फेरी वीस मिनिटांच्या आसपास चालते. त्याच्यावर १४५.९३५ ते १४५.९९५ मध्ये एलएसबीने पाठवायचे आणि ४३५.६१० ते ४३५.६७० मध्ये यूएसबीने ऐकायचे (एसएसबी या एकाच बाजूच्या पट्ट्याने बोलण्याच्या पद्धतीचे हे खालचा आणि वरचा असे दोन प्रकार). हा पट्टा उलटा उतरतो, म्हणजे अपलिंक वर सरकवली की डाउनलिंक खाली येते आणि दोन्हींची बेरीज ५८१.६०५ राहते. या उलटेपणामुळे वर जाताना पडलेला सुमारे तीन किलोहर्ट्झचा डॉप्लर खाली येतानाच्या नवातून वजा होतो, आणि जुळवायला जेमतेम सहा उरतात.

काल रात्रीच्या फेरीत एसडीआर डोंगलवर (संगणकाला जोडायच्या छोट्या रेडिओवर) त्याचा ४३५.६०५ चा मोर्स बीकन, म्हणजे सतत चालणारा ओळखीचा सिग्नल, मिळाला. नंतर १४५.९६५ वर उसन्या घेतलेल्या एसएसबी संचाने टिंबांची मालिका सोडली, आणि ती धबधब्याच्या आलेखावर (वारंवारतांवरचे सिग्नल वेळेनुसार दाखवणाऱ्या पडद्यावर) हिशेबाच्या जागेपासून दोन किलोहर्ट्झ बाजूला उमटली. फरक बहुधा डोंगलच्या स्फटिकाचा असावा. पुढच्या फेरीआधी डोंगल वीस मिनिटे तापू देऊन बीकनवरच त्याची चूक मोजणार आहे.