एका आकड्यानं कमी असलेला ऑर्क

"काका, ऑर्क जादूगार चालेल का?"

वहिनींची भाची अकरावीत शिकते. मावसभावाच्या घरी एक रविवार आड दुपारी आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळण्याचा, डाव बसतो, त्यात ती पहिल्यांदाच येत होती. मी डीएम, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा, शत्रूंचे फासे टाकणारा आणि नियमांचा निवाडा करणारा. मी तोंड उघडायच्या आत मावसभाऊ म्हणाला, "अगं, हाफ-ऑर्क घ्यायचाय तर बार्बेरियन कर की. जादूगारच व्हायचं असेल तर हाय एल्फ घे. ऑर्क जादूगार म्हणजे हातचं घालवणं." मीही मान डोलावली. ती काही बोलली नाही. कॅरेक्टर शीटवर लिहिलेलं 'हाफ-ऑर्क' तिनं खोडरबरानं अर्धं पुसलं, थांबली, आणि पुन्हा लिहिलं. "नको, मला हाच हवाय."

त्या डोलावलेल्या मानेचं मला आजही वाईट वाटतं. पुढचे कित्येक महिने मी एकाच गोष्टीच्या मागे होतो. माझ्या टेबलावर कुणी कुठलीही रेस आणि कुठलाही क्लास जोडला, तरी आपलं चुकलं असं त्याला डावाच्या मध्यावर वाटता कामा नये.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेस म्हणजे जन्मानं आलेलं: चपळ एल्फ, बुटके ड्वार्फ, चिमुकले हाफलिंग, अर्धे माणूस नि अर्धे राक्षसी ऑर्क असलेले दणकट हाफ-ऑर्क वगैरे. क्लास म्हणजे शिकलेली विद्या: लढवय्या, रांगडा बार्बेरियन, चोर, जादूगार, देवाच्या बळावर मंत्र टाकणारा क्लेरिक. आम्ही २०१४ चे नियम वापरतो. त्यांच्या मूळ पुस्तकात ९ रेस आणि १२ क्लास आहेत, म्हणजे १०८ जोड्या. प्रत्येक रेस काही गुणांमध्ये भर घालते. हाफ-ऑर्कला ताकदीत २ आणि काटकपणात १ मिळतो, हाय एल्फला चपळाईत २ आणि बुद्धीत १. जादूगाराचं सगळं बुद्धीवर. आमच्या पद्धतीनं सुरुवातीला जास्तीत जास्त १५ घेता येतात. एल्फचे होतात १६ आणि वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात ३ मिळवता येतात, ऑर्कचे राहतात १५ आणि मिळतात २. एवढाच तो फरक, पण मावसभावासारख्या खेळाडूच्या डोळ्यात तो खुपतो.

मी कारखान्यात कॉस्टिंग बघतो, त्यामुळे पहिली धाव एक्सेलकडे. प्रत्येक रेसच्या प्रत्येक गुणाला किंमत लावली. अंधारात दिसण्याला इतके, विषाला दाद न देण्याला इतके. बेरीज समान आली की झाला समतोल, असा हिशेब. दोन रात्री बसलो आणि तिसऱ्या रात्री फाइल बंद केली. माउंटन ड्वार्फला मध्यम वजनाचं चिलखत घालण्याचं शिक्षण जन्मजात मिळतं. त्याची किंमत किती धरायची? लढवय्याला सगळी चिलखतं येतातच, त्याच्या दृष्टीनं शून्य. जादूगाराला एकही येत नाही. तोच ड्वार्फ जादूगार झाला की पहिल्या लेव्हलला (लेव्हल म्हणजे पात्राच्या अनुभवाची पायरी) खवल्यांचं चिलखत चढवतो आणि चपळाई चांगली असेल तर त्याचं संरक्षण, म्हणजे त्याला मारायला शत्रूला लागणारा आकडा, थेट १६ वर जातं, तेही एकही मंत्र न खर्चता. एकाच ओळीला दोन किमती. रेसला स्वतःची अशी किंमतच नसते, ती क्लासशी जोडल्यावर ठरते.

मग जुने नियम वाचत बसलो, आणि हा भाग मला फार आवडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ आणला तेव्हा तिन्ही पुस्तिका मिळून क्लास तीनच होते, आणि माणूस सोडून बाकीच्यांना लेव्हलची मर्यादा होती. ड्वार्फ लढवय्या सहाव्या लेव्हलपर्यंतच जाणार. एल्फ लढाईत चौथ्यापर्यंत, जादूत आठव्यापर्यंत. जन्मजात गुणांचा फायदा आज घ्या, पुढे त्याची किंमत मोजा. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत तर एल्फ हाच एक क्लास होता, जोडीचा प्रश्नच नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं मर्यादा काढल्या, पण हाफ-ऑर्कला बुद्धीत २ उणे आणि व्यक्तिमत्त्वात २ उणे ठेवले.

लेव्हलची मर्यादा मी आमच्या टेबलावर घालून बघायच्या विचारात होतो. नाही घातली, कारण आमची मोहीम अशा मर्यादेच्या पुढे सहसा जातच नाही. कोणाची बदली होते, कोणाला मूल होतं, डाव मोडतो. जी किंमत वसूल व्हायची वेळच येत नाही, ती किंमत नव्हे. आणि उणे बुद्धीबद्दल माझं मत पक्कं आहे: ते गेलं ते बरं झालं. जन्मावरून कोणाची अक्कल ठरवायची सवय आपल्याकडेही जुनीच आहे. अकरावीतल्या मुलीसमोर खेळातसुद्धा ती मला मांडायची नव्हती. २०२० च्या पुरवणी पुस्तकानं गुणांची भर हवी तिथे हलवायची मोकळीक दिली, आणि २०२४ च्या नव्या नियमांत तर रेस हा शब्दच गेला, भर आता पात्राच्या पूर्वायुष्यावरून मिळते.

ती मोकळीक मी तिला देऊ केली. "ताकदीतले २ काढ आणि बुद्धीत घाल, एल्फलाही मागे टाकशील." तिनं विचार केला आणि म्हणाली, "काका, ताकद काढली तर तो ऑर्क कसला? त्याला दार तोडता आलं पाहिजे." तिनं स्वतःच्या वाट्याचे गुणही थोडे ताकदीत घातले होते. ताकद १४, काटकपणा १६, बुद्धी १५. असा जादूगार मी तोवर पाहिलेला नव्हता.

खरा घोटाळा झाला तो मात्र दुसऱ्याच खुर्चीवर. मावसभावानं आराकोक्रा घेतला होता, म्हणजे पंखांचा पक्षीमानव, क्लास लढवय्या, हातात लाँगबो, म्हणजे लांब पल्ल्याचं धनुष्य. आराकोक्रा पहिल्या लेव्हलपासून एका फेरीत ५० फूट उडतो. पहिल्याच बैठकीत कड्याच्या वाटेवर चार गॉब्लिन, म्हणजे छोटे दुष्ट राक्षस, आले. हा दोन फेऱ्यांत १०० फूट वर. लाँगबो १५० फुटांपर्यंत बिनधोक चालतो, गॉब्लिनचं छोटं धनुष्य ८० पर्यंत. त्यापलीकडे मारायचं तर दोन फासे टाकून कमी असेल तो घ्यायचा. त्यांची ५५ टक्के नेम लागण्याची शक्यता ३० वर आली. मग गॉब्लिननी साहजिकच खाली उभ्या असलेल्यांना धरलं. वहिनींचा ड्वार्फ क्लेरिक बेशुद्ध पडला. आमच्या ऑफिसातल्या मित्राचा हाफलिंग चोर दगडाआड बसून राहिला. पहिल्या तीन बैठकांत त्या पक्ष्याला सगळे मिळून दोन बाण लागले, आणि तिसऱ्या बैठकीत मित्र मोबाइल बघत होता.

मावसभावानं नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं. चूक मोजमापाची होती. एक आकडा कमी म्हणून आम्ही ऑर्कवर चर्चा करत बसलो आणि पंखांकडे कोणी पाहिलंच नाही.

त्यानंतर मी वही घातली. भाचीनं जादूसाठी टाकलेला प्रत्येक फासा, आणि तिच्या मंत्रातून सुटण्यासाठी मी शत्रूचा टाकलेला प्रत्येक फासा. शेजारी एकच खूण: अजून एक आकडा असता तर निकाल बदलला असता का? अकरा बैठकांत ८३ फासे झाले. खुणा झाल्या ५. वीस बाजूंच्या फाशात एक आकडा म्हणजे ५ टक्के, म्हणजे चार-पाच खुणा येणारच होत्या. गणित मला आधीही येत होतं, पण त्या पानावरच्या पाच खुणा मोजल्यावर ते पटलं.

त्यातली एक खूण सांगायलाच हवी. दोरांच्या पुलावर तिच्यासमोर तीन गॉब्लिन. तिनं थंडरवेव्ह, म्हणजे समोरच्यांना धक्क्यानं मागे फेकणारा मंत्र, टाकला. सुटायला त्यांना १२ हवे होते. पहिला ४, दुसरा ९, दोघेही पुलाखाली. तिसऱ्याचा फासा टेबलाच्या कडेला अडला, आणि बरोबर १२. एल्फ असती तर १३ लागले असते आणि तोही गेला असता. तो उरला, आणि त्याच्या वारानं तिचे हिट पॉइंट, म्हणजे उरलेल्या जिवाचा आकडा, शून्यावर आले. हाफ-ऑर्कला दिवसातून एकदा शून्यावरून १ वर उभं राहता येतं. ती उभी राहिली. मंत्राचे दोन्ही स्लॉट संपलेले, म्हणजे त्या दिवसाचे मोठे मंत्र वापरून झालेले. तिनं माझ्याकडे पाहिलं. "ढकलू शकते?" ताकदीचा फासा, गॉब्लिनच्या विरुद्ध. तिचे १७, त्याचे ११. वहिनी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. एका आकड्यानं जे गेलं होतं ते तिनं त्याच लढाईत ऑर्कपणाच्या जोरावर परत मिळवलं. तोच वार एल्फ जादूगारावर बसला असता तर तो बेशुद्ध पडला असता.

नुसत्या आकड्यांवर काही ठरत नव्हतं, म्हणून पंखांसाठी मी वेगळी मोजपट्टी शोधली. जन्मजात गुण म्हणून जे फुकट मिळतं, तेच मंत्रानं कितव्या लेव्हलला मिळतं? उडण्याचा मंत्र तिसऱ्या पातळीचा, जादूगाराला पाचव्या लेव्हलला मिळतो. म्हणजे आराकोक्राला ती गोष्ट चार लेव्हल आधी मिळते, आणि दहा मिनिटांची मुदत नाही की लक्ष टिकवण्याची अट नाही. हीच पट्टी ऑर्कच्या तग धरण्याला लावली आणि अडलो. शून्यावरून एकावर आणणारा मंत्र चौथ्या पातळीचा, क्लेरिकला सातव्या लेव्हलला मिळतो. पट्टीप्रमाणे ऑर्क पक्ष्यापेक्षाही भारी! पण टेबलावर तसं कधीच जाणवलं नव्हतं. का, ते उमजायला मला आठवडा लागला. तग धरणं दिवसातून एकदा कामी येतं, तेही तुम्ही हरत असताना. उडणं प्रत्येक फेरीत, तुमच्या मर्जीनं. त्या दिवसापासून मी प्रत्येक गुणाला हे दोनच प्रश्न विचारतो: किती वेळा चालतो, आणि कोण ठरवतं.

मग मावसभावाशी बोललो. डाव नसताना, चहा घेताना. टेबलावर सगळ्यांसमोर नियम बदलणं मला बरोबर वाटत नाही. आधी मी रेसच बदलायला सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला. दुसरा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक लढाई गुहेत नाहीतर वादळात ठेवायची. पुष्कळ डीएम हेच करतात, मला ते मान्य नाही. खेळाडूनं हौसेनं पंख निवडायचे आणि आपण जिकडेतिकडे छत घालायचं, ही निवड हिरावून घेणं झालं. शेवटी ठरलं ते असं: पाचव्या लेव्हलपर्यंत उड मनसोक्त, पण आपली पाळी संपताना पाय कशावर तरी टेकले पाहिजेत. फांदी, कडा, छप्पर, काहीही. नाही टेकले तर पडणार, दर १० फुटांना एक सहा बाजूंचा फासा इतकी इजा. पाचव्या लेव्हलला बंधन सुटणार.

"म्हणजे तोवर मी कोंबडी," तो म्हणाला. रागावला होता. पुढच्या बैठकीत त्यानं एका पडक्या देवळाचं शिखर गाठलं, तिथून दोरी सोडली आणि हाफलिंगला वर घेतलं. मित्राचा मोबाइल त्या दिवशी खिशातच राहिला. टेकायला जागा लागते म्हटल्यावर मावसभाऊ नकाशा नीट बघायला लागला आणि मलाही प्रत्येक लढाईत उंचीच्या जागा विचार करून मांडाव्या लागल्या. आमच्या लढाया त्यामुळे सुधारल्या.

चिलखतवाल्या जादूगाराचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही, आमच्याकडे सध्या तो कोणी खेळत नाही. १०८ जोड्यांचे चौकोन आधीच भरून ठेवण्याचा नाद मी सोडला. समोर बसलेल्या चौघांचे चार चौकोन नीट बघायचे.

गेल्या बैठकीत सगळे पाचव्या लेव्हलला पोचले. भाचीची बुद्धी आता १७, एल्फची १८ असती. तो एक आकडा अजूनही कमीच आहे, आणि बाराव्या लेव्हलला दोघांचे २० होईपर्यंत राहील. तिनं नवे मंत्र निवडले, त्यात उडण्याचा घेतला. त्याच दिवशी मावसभावाचं बंधन सुटलं. दरीपलीकडच्या किल्ल्यावर जायचं होतं. तो झेपावला, ५० फूट. मग भाचीनं वहिनींच्या ड्वार्फच्या खांद्याला हात लावला आणि मंत्र टाकला. मंत्रानं उडणाऱ्याचा वेग ६० फूट. लोखंडी कड्यांचं चिलखत, ढाल, पोटापर्यंत दाढी, आणि वहिनी प्रत्येक फेरीला आपली मिनिएचर, म्हणजे पात्राची छोटी मूर्ती, नकाशावर पक्ष्याच्या पुढे दोन चौकोन सरकवत होत्या.