माकडं नव्हेत, वानरं

टूर मॅनेजर म्हणून ग्रीसमधल्या सॅन्टोरिनी बेटावर जायची माझी ती अकरावी खेप. अथिनिओस बंदरावरून बस नागमोडी घाट चढू लागली की गाडीतल्या गप्पा आपोआप थांबतात. खाली ज्वालामुखीच्या मुखात शिरलेला समुद्र, आणि काळ्या-तांबड्या थरांचा तीनशे मीटर उंच कडा. सगळ्यांत वरचा फिकट थर राखेचा आणि प्यूमिसचा, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेल्या हलक्या, सच्छिद्र दगडाचा. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी बेट फुटलं तेव्हाचा. त्याच थराखाली आक्रोतिरी हे तेव्हा गाडलं गेलेलं गाव सापडलं. तिथलं पद्धतशीर उत्खनन ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये सुरू केलं.

सकाळी तेच पाहिलं. दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गेलेली गटारं, धान्याचे रांजण. स्फोटात सापडलेल्या माणसाचा एकही सांगाडा मात्र आजवर मिळालेला नाही. आधीच्या भूकंपांनी लोक सावध झाले असावेत. पडझड आवरायला काहीजण परतले होते, त्यांनी घरातल्या खाटा उघड्यावर आणून ठेवल्या होत्या. लाकूड केव्हाच कुजलं, पण राखेत त्याची पोकळी राहिली. तिच्यात प्लास्टर ओतून त्या खाटा पुन्हा उभ्या केल्यात. बाहेर आणून ठेवलेली खाट पाहिली की माझ्या पोटात दर वेळी कालवतं. कुणीतरी रात्री तिच्यावर झोपायचं ठरवलं असेल.

दुपारी फिरा गावातल्या संग्रहालयात गेलो. ग्रीक गाइड इंग्रजीत सांगत होत्या, मी मागोमाग मराठीत. खडकांवर चढणाऱ्या प्राण्यांच्या भित्तिचित्रापाशी आले आणि नेहमीसारखं म्हणाले, "ही निळी माकडं."

"ताई, माकडं नाही होय. वानरं होय हे."

मेळघाटात वनरक्षक म्हणून सारी नोकरी केलेले काका. चार दिवसांत "चहा मिळंल काय?" यापलीकडे ते फारसे बोलले नव्हते. आता काचेपाशी वाकून बोट फिरवत होते. "शेपूट पाहा ना. वानर चालते तं शेपूट असी वर घेऊन पाठीवर वाकवते. आमच्याकडच्या माकडाचं शेपूट केवढुसं असते!"

मी ते गाइडबाईंना सांगितलं. त्या क्षणभर काकांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, २०१९ मध्ये माकड-वानरांच्या आणि कलेच्या अभ्यासकांनी मिळून नेमकं हेच मांडलंय. राखाडी रंगाच्या जागी तेव्हाचे चित्रकार निळा वापरत आणि शेपटीची ठेवण भारतातल्या वानराची आहे. सगळ्यांना हे पटलेलं नाही. ही आफ्रिकेतलीच माकडं, असं म्हणणारेही आहेत. पण वानरं असतील, तर त्यांची ओळख सिंधू खोऱ्याकडून व्यापाराच्या वाटेनं इथवर पोचली असावी.

इंग्रजीत दोघांना एकच शब्द, म्हणून मीही अकरा वेळा 'माकड' म्हणत आले. माझ्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, आजोळच्या चिंचेवर दोन्ही पाहिलीत, तरी मी ते चित्र पाटीवरच्या शब्दातूनच पाहत होते. हे मला मनापासून लागलं.

पुढे १९९९ मध्ये मिळालेला सोन्याचा इवलासा रानबोकड पाहून सगळे बाहेर आले. ओइया गावाला सूर्यास्ताआधी पोचायचं होतं. बसमध्ये डोकी मोजली, तेवीस. एक कमी. कुठे असतील हे शोधावं लागलं नाही.

काका त्याच भिंतीसमोर हात मागे बांधून उभे होते. मी "काका, बस..." म्हणाले, तर त्यांनी न वळताच विचारलं, "ताई, ज्यानं हे काढलं, त्यानं वानर चालतानी पाह्यलं असंल ना? आयकून असी शेपटी काढता नाही येत."

मी ड्रायव्हरला फोन करून दहा मिनिटं मागून घेतली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.