बिनपायऱ्यांची वाट

मराठीतला घाट दोन ठिकाणी भेटतो. डोंगरात भेटला तर चढायचं, नदीकाठी भेटला तर उतरायचं. दोन्हीकडे काम गुडघ्यांनाच. वाई असो की नाशिक, नदी जवळून बघायची म्हणजे पायऱ्या आल्या. मग गुडघे बदललेली आजी वरच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला राखत बसते आणि म्हणते, "तुम्ही या जाऊन." आपल्या सहलींमधलं हे अगदी ठरलेलं वाक्य आहे.

हे वाक्य बोलावं लागू नये म्हणून वाटेला नेमकं काय करावं लागतं, हे उत्तर इंग्लंडात केझिक गावाबाहेरच्या एका वाटेवर नीट कळतं. लेक डिस्ट्रिक्टमधलं हे डोंगराळ गाव. गावात ग्रेटा नदीच्या काठी फिट्झ पार्क आहे, त्याच्या वरच्या अंगाला जुनं रेल्वे स्टेशन, आणि तिथून थ्रेलकेल्ड गावापर्यंत सुमारे पाच किलोमीटर वाट नदीच्या सोबतीने जाते. सोबतीने म्हणजे सरळ नव्हे. नदी नागमोडी आणि वाट हट्टी, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा पुलावरून नदी ओलांडते. पुढे ब्लेंकाथ्रा डोंगर उभा असतो. तो ज्यांना चढायचा त्यांनी चढावा.

ही वाट मुळात माणसांसाठी केलेलीच नाही. इथे रेल्वे होती. १८६४ मध्ये मालगाड्या धावल्या, जानेवारी १८६५ पासून प्रवासी गाड्या, आणि १९७२ मध्ये हा टप्पा बंद पडला. मार्ग आखणारा अभियंता थॉमस बाउच. त्याचाच टे नदीवरचा मोठा पूल १८७९ मध्ये गाडीसकट कोसळला आणि त्याचं नाव त्या एका पुलाशी कायमचं बांधलं गेलं. इथे मात्र व्हीलचेअर ढकलणाऱ्या प्रत्येकाने त्याचे आभार मानावेत, कारण वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. म्हणून साठ-सत्तर मीटर पुढे गेल्यावर कुठे एक मीटर उंची, एवढ्या बेताने त्याने वाट चढवली आहे.

या आकड्याची गंमत कळायला खंडाळ्याकडे बघावं. बोरघाटात रेल्वेचा चढ १:३७ आहे, म्हणजे सदतीस मीटरला एक मीटर, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. आता आपल्या इमारतींपुढचा रॅम्प घ्या. नियमाने तो फार तर १:१२ असावा. म्हणजे नियमात बसणारा रॅम्पसुद्धा बोरघाटाच्या तिप्पट खडा, आणि तो चढवायला मागे इंजिन नाही, एखादी सून किंवा मुलगा आहे. सत्तर किलोचा माणूस आणि वीस किलोची खुर्ची धरली तर १:१२ वर साधारण साडेसात किलोचा जोर सतत लावावा लागतो. ग्रेटाकाठच्या चढावर तोच हिशेब दीड किलोवर येतो. दहा मीटरच्या रॅम्पवर साडेसात किलो ठीक आहेत, पाच किलोमीटर नाहीत.

पण हा हिशेब झाला गुळगुळीत जमिनीचा. जमीन भुसभुशीत असेल तर सपाटीवरही खुर्ची रुतते, आणि रुततात ती पुढची छोटी चाकं. मागची मोठी चाकं खडीवरून कशीबशी जातात, पुढची मात्र नांगरासारखी खाली घुसतात आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. अशा वेळी जोर लावून ढकलणं हा सगळ्यात वाईट उपाय. खुर्ची फिरवून उलटी ओढावी, किंवा मागच्या दांड्यावर पाय देऊन पुढची चाकं जरा उचलून तेवढा पट्टा पार करावा. आधी सांगून, बरं का. न सांगता मागे कललेल्या माणसाच्या जिवाचं पाणी होतं.

चांगली कच्ची वाट कशी करतात हे आपल्याकडच्या मुरूम टाकणाऱ्या कुठल्याही मुकादमाला अर्धं ठाऊक असतं. वरची माती काढायची, खाली जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरायचं म्हणजे चिखल वर येत नाही, त्यावर चाळीस मिलिमीटरपर्यंतच्या फोडलेल्या खडीचा दहा-पंधरा सेंटिमीटरचा थर, रोलर, मग वर सहा मिलिमीटरपर्यंतची बारीक कच तिच्या भुकटीसकट, किंचित ओली करून पुन्हा रोलर. दोन गोष्टी चुकतात. एक, नदीतले गोल गोटे वापरणं. दिसायला छान, पण गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत, जन्मभर सरकत राहतात. फोडलेल्या दगडाला कोपरे असतात म्हणून तो बसतो. दुसरी चूक म्हणजे पाण्याला वाट न देणं. पाणी वाटेवरून वाहिलं की भुकटी आधी जाते आणि खालची खडी दात काढून वर येते. म्हणून वाटेला आडवा हलका उतार देतात, मीटरला दोन सेंटिमीटर. चार दिले की खुर्ची सारखी उताराकडे पळते, चालवणाऱ्याचा एकच हात राबत राहतो, आणि उताराची बाजू बहुधा नदीचीच असते.

या भागाच्या राष्ट्रीय उद्यानाने अशा पन्नासएक वाटा निवडून 'माइल्स विदाउट स्टाइल्स' या नावाने त्यांची यादी केली आहे आणि प्रतवारीही लावली आहे: सगळ्यांसाठी, बऱ्याच जणांसाठी, काहींसाठी. 'सगळ्यांसाठी' म्हणजे चढ १:१० च्या आत, डांबर किंवा दहा मिलिमीटरपेक्षा मोठा दगड नसलेला घट्ट पृष्ठभाग, रुंदी किमान एक मीटर आणि समोरून कुणी आलं तर बाजूला व्हायला मधूनमधून जागा. मला यातला प्रामाणिकपणा आवडतो. 'सोपी वाट' असं कुठे म्हणत नाहीत. सोपं म्हणजे कुणाला, हे आधी विचारतात.

यादीच्या नावातली स्टाइल ही चीज काय, ते कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. तिकडेही चुन्या-सिमेंटाविना दगडावर दगड रचलेले गडगे असतात, मेंढरं आत ठेवायला. गडग्यातून पाऊलवाट जाते तिथे दोन्ही बाजूंना दगडी किंवा लाकडी पायऱ्या काढतात. माणूस चढून पलीकडे उतरतो, मेंढरू उतरत नाही. तीच स्टाइल. मेंढरासोबत बाबागाडी, काठी आणि सत्तरीतले गुडघेही अलीकडेच राहतात. त्यावरची सुधारणा म्हणजे किसिंग गेट: अर्धगोल कठड्यात झुलणारं फाटक, जे दोन्ही बाजूंना नुसतं टेकतं, म्हणून हे नाव. आत शिरायचं, कोपऱ्यात उभं राहायचं, फाटक आपल्याभोवती फिरवायचं आणि बाहेर पडायचं. कठडा लहान असेल तर व्हीलचेअर आत जाते खरी, पण फाटक फिरायला जागा उरत नाही. मग ना पुढे ना मागे. काही ठिकाणी शेजारी मोठं फाटक असतं आणि ते रडार किल्लीने उघडतं. १९८१ मध्ये अपंगांच्या स्वच्छतागृहांसाठी देशभर एकच किल्ली सुरू झाली, तीच ही. जाडजूड डोक्याची, म्हणजे बोटं वळत नसली तरी धरता यावी.

साधं फाटक बरं असावं तर मोकळी रुंदी मीटरभर हवी. खुर्ची सत्तर सेंटिमीटरचीच असते, पण चाक फिरवणाऱ्याची बोटंही मोजावी लागतात, नाहीतर ती खांबावर सोलवटतात. कडी बसल्याबसल्या हाताला यावी. आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना खुर्चीभर सपाट जागा असावी. हे शेवटचं नेहमी विसरतात. चढावरच्या फाटकाशी एक हात कडीवर, एक हात चाकावर, आणि खुर्ची मागे सरकतेय, ही कसरत करून बघितल्याशिवाय कळत नाही. त्यातून फाटकाखालची जमीन सगळ्यात आधी झिजते, कारण प्रत्येकजण तिथेच थांबतो आणि गुरंही तिथेच जमतात. पावसाळ्यानंतर उंबरठ्यासारखा पाच सेंटिमीटरचा खड्डा तयार होतो. बाकी पाच किलोमीटर लोण्यासारखे असले तरी वाट तिथे संपली.

ग्रेटाकाठची वाट एकदा अशी संपलीच होती. ५ डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळात जवळच्या होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१ मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझने ९४४ मिलिमीटर बघितला, त्यामुळे आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण उघड्या डोंगरांवरून थेट अरुंद दऱ्यांत उतरणाऱ्या पाण्याला तेवढा पुरला. वाटेवरचे दोन पूल गेले. वाट पुन्हा पूर्ण उघडायला डिसेंबर २०२० उजाडला आणि सुमारे ऐंशी लाख पौंड लागले. त्या कामात १९७० च्या दशकात मोठ्या रस्त्यासाठी बुजवलेला रेल्वेचा एक बोगदाही मोकळा केला, नाहीतर पूर्वी त्याला वळसा घालून जावं लागे.

भांडण झालं ते डांबरावरून. रानातल्या वाटेवर डांबर घातल्याने तिचं रानपण जातं, असं काहींचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही. पावलाखाली खडी करकरली की गाव मागे पडल्यासारखं वाटतं. पण ज्याला ती करकर खांद्यांनी मोजावी लागते, त्याला डांबराचा काळा पट्टा म्हणजे रान जवळ आल्याची खूण. शिवाय नदीकाठी कचेची भुकटी दर पुरात वाहून जाते आणि दरवेळी कुणीतरी ती परत आणायची असते. आमचं मत विचाराल तर डांबर घाला आणि वर पानं पडू द्या. फक्त ऑक्टोबरमध्ये ती झाडा. ओल्या पानांचा लगदा डांबरावर शेवाळासारखा निसरतो. लाकडी फळ्यांच्या वाटेला तर हे दुप्पट लागू. फळ्या नेहमी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, म्हणजे फटीत चाक किंवा काठीचं टोक अडकत नाही, आणि कडेला चार बोटं उंच पट्टी हवी.

त्या पट्टीचा उपयोग चाकापेक्षा पांढऱ्या काठीला अधिक. न दिसणाऱ्या माणसाला नदीकाठ मात्र मुळातच सोयीचा, कारण दिशा कानाला कळते. केझिकहून निघालं की वाट प्रवाहाच्या उलट जाते. पूल ओलांडला की पाण्याचा आवाज एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जातो. बोगद्यात तो विझतो आणि आपलीच पावलं मोठी होतात. मधे लो ब्रायरीपाशी पूर्वी बॉबिनचा कारखाना होता, लँकेशायरच्या कापूस गिरण्यांना लाकडी बॉबिन पुरवणारा. हाच शब्द आपल्या शिवणयंत्रावरही आहे, त्यामुळे तिथे मराठी आजी हमखास थांबते.

थांबायला बाक हवा. दर शंभर ते तीनशे मीटरला असला तर मध्यम ताकदीचा माणूस निभावतो. बैठक पंचेचाळीस सेंटिमीटर उंच, पाठ टेकायला आधार, आणि हात. गुडघेदुखीच्या माणसाला बाकाच्या हातांची गरज बसताना नसते, उठताना असते. कैलासवासीयांच्या स्मरणार्थ बाक देण्याची हौस तिकडेही आपल्याइतकीच आहे, पण बाक गवतात ठेवला की भोवती चिखल होतो आणि व्हीलचेअर दूर वाटेवरच उभी राहते. शेजारी मीटरभर पक्की जागा केली तर नवराबायको शेजारी बसू शकतात. एवढंच.

मुलाकडे इंग्लंडला आलेल्या आईबाबांना इथे न्यायचं झालं तर नकाशावरचा वेग विसरावा. ताशी दोन किलोमीटर धरावे, थांबे वेगळे. सुरुवात केझिकहूनच करावी. जाताना चढ असतो, म्हणजे दमलेल्या पायांना परतीचा उतार मिळतो. विजेच्या स्कूटरची बॅटरीही चढातच जास्त खाते, तिची एक तृतीयांश संपली की वळावं. थ्रेलकेल्ड गाठलंच पाहिजे असं काही नाही, ही गोलाकार वाट नव्हे, कुठूनही परतता येतं. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. काठीची उंची कोपर किंचितच वाकेल इतकी, म्हणजे हात खाली सोडला की मूठ मनगटाशी यावी. आणि पदर, शाल, ओढणी मांडीखाली नीट खोचून घ्यावी. थंडीमुळे गुंडाळलेली लोकरीची शाल चाकाच्या तारांत जाते, तेव्हा खुर्ची जागच्या जागी थांबते आणि माणूस थांबत नाही.

परतीच्या उतारावर खुर्ची आपोआप चालू लागते. ब्रेक ओढायचा मोह होतो, पण खुर्चीचे ब्रेक उभं राहायला असतात, वेग कमी करायला नाहीत. चालत्या चाकावर ओढले तर झटका बसतो. स्वतः चालवणाऱ्याने तळहातांनी चाकाची कडी हलकी धरून सोडत जायचं. हातमोजे चामड्याच्या तळव्याचे घ्यावेत. लोकरीचे ओले झाले की निसटतात, आणि बिनमोज्यांनी पाच किलोमीटर उतरलं की हात चहाच्या कपालाही लागू देत नाहीत.