आई, मी पबमध्ये आहे

आमच्या घरी 'बार' हा शब्द आवाज खाली आणून उच्चारला जायचा. नाशिकला गल्लीच्या टोकाला एक परमिट रूम होती. काळ्या काचा, दारावर निळा बल्ब. आत काय चालतं ते आम्हा मुलींना कुणी सांगितलं नाही. तिथून जाताना पाय उचलून चालायचं, एवढंच शिकवलं. त्यामुळे डब्लिनला आल्यावर पहिल्याच शुक्रवारी ऑफिसातल्या सगळ्यांनी, अगदी निवृत्तीला टेकलेल्या बाईंनीसुद्धा, "पबला येतेस ना?" असं सहज विचारलं, तेव्हा माझं काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

गेले. आत एक बाई बाबागाडी घेऊन बसल्या होत्या. कोपऱ्यात आजोबा पेपर वाचत होते. इथे आईबापांबरोबर लहान मुलंही पबमध्ये येतात, फक्त रात्री नऊच्या सुमाराला त्यांना घरी न्यावं लागतं. धूर तर नावालाही नाही. मार्च 2004 मध्ये आयर्लंडने पबसकट सगळ्या कामाच्या ठिकाणी सिगारेट बंद केली. असं करणारा जगातला हा पहिलाच देश. ओढणारे बाहेर फुटपाथवर कुडकुडत उभे असतात, आणि निम्म्या ओळखी तिथेच होतात म्हणे.

माझी फजिती झाली ती मात्र वेगळ्याच कारणाने. इथे कुणी आपापलं बिल देत नाही. एक जण उठतो, सगळ्यांसाठी घेऊन येतो. मग दुसरा. मग तिसरा. याला राउंड म्हणतात. मी दारू पीत नाही, माझा आपला लिंबाचा सोडा. तीन जणांनी आणलेले तीन सोडे प्यायले, गोड हसले, "येते हं" म्हणून निघाले. दोन आठवड्यांनी एका सहकाऱ्याने हळूच कानावर घातलं की माझा राउंड राहिला आहे. आपल्याकडे लग्नाच्या आहेराची वही असते ना, कुणी काय दिलं, आपण काय द्यायचं? इथे वही नसते, पण लिहिलेलं सगळं असतं. पुढच्या शुक्रवारी मीच आधी उठले.

काउंटरवर गेल्यावर गिनेस या इथल्या काळ्या बिअरची गंमत कळली. ग्लास तिरका धरून पाऊण भरतात आणि तसाच ठेवून देतात. आतला फेस खाली खाली पडताना दिसतो, मग काळं आणि पांढरं वेगळं होतं, मग वरचा भाग भरतात. कंपनीच्या हिशेबाने या सगळ्याला 119.5 सेकंद लागतात. मला आधी वाटलं, बारमन माझ्याकडे दुर्लक्ष करतोय. (ही बिअर ज्याच्या नावाची, त्या आर्थर गिनेसने 1759 मध्ये इथली जागा वर्षाला 45 पौंड भाड्याने 9000 वर्षांसाठी घेतली होती. आमच्या घरमालकाला हे ऐकवायला हवं.)

घरून कुणी आलं की सगळ्यांना टेंपल बारला जायचं असतं. हा लिफी नदीच्या काठचा अख्खा भागच आहे; आमच्या एका काकांना नाव ऐकून वाटलं की जवळपास देऊळ असणार. फोटोला छान, खिशाला महाग. एकदा जावं, परत जाऊ नये.

जायचं तर स्मिथफील्डला. लुआस ट्रामच्या लाल मार्गावर स्मिथफील्डला उतरलं की चार पावलांवर कॉबलस्टोन नावाचा पब आहे. बाहेरून कुणी वळूनही बघणार नाही असा. आत दाराजवळच्या कोपऱ्यात वादक बसतात. स्टेज नाही, माइक नाही. टेबलाभोवती गोल करून, एकमेकांकडे तोंड करून, आणि आपल्याकडे चक्क पाठ. मला पहिल्यांदा ते उद्धटपणाचं वाटलं. मग लक्षात आलं, आमच्या आळीतलं भजनी मंडळ तरी श्रोत्यांसाठी कुठे बसायचं? दर गुरुवारी जमायचे, टाळ वाटून घ्यायचे, गायचे. ऐकणारा ऐकेल, नाहीतर जाईल.

याला सेशन म्हणतात. समोर नोटेशनचा कागद नसतो. एक फिडलवाला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) धून सुरू करतो, ज्यांना ती येते ते त्यात शिरतात, ज्यांना येत नाही ते पेला उचलतात. दोन-तीन वेळा वाजवून झाली की कुणीतरी मान हलवतो आणि सगळे न थांबता दुसऱ्या धुनेत उडी मारतात. जिग म्हणजे सहाची चाल, आपल्या दादऱ्यात पाय ठेवता येईल अशी. रील आठाच्या अंगाने धावते, केरव्यासारखी. इलन पाइप्स नावाची बॅगपाइपची धाकटी बहीण असते. तोंडाने फुंकायची नाही, कोपराखालच्या भात्याने हवा भरायची. 2017 मध्ये तिच्या वादनाला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. आणि बाउरान! लाकडी कडं, त्यावर बकऱ्याचं कातडं. हा आपल्या शाहिराचा डफ इथे कसा आला म्हणून मी बघतच राहिले. फक्त तो मांडीवर उभा धरून छोट्या काडीने वाजवतात. एका सेशनला एकच बाउरान असावा असा संकेत आहे, आणि दुसरा कुणी पिशवीतून काढू लागला की फिडलवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

2021 मध्ये कॉबलस्टोनच्या जागेवर नऊ मजली हॉटेल बांधायचा घाट घातला गेला होता. लोक रस्त्यावर उतरले, गाणी वाजवत, खांद्यावर शवपेटी घेऊन. डब्लिनच्या संस्कृतीची अंत्ययात्रा काढली त्यांनी. नोव्हेंबरमध्ये महापालिकेने परवानगी नाकारली. एका दारूच्या दुकानासाठी मोर्चा, असं मी तेव्हा आईला फोनवर सांगितलं असतं तर तिने फोन ठेवला असता.

दारूबाबत हा देश वाटतो तितका सैल नाही, बरं का. आपल्याकडे आषाढीला ड्राय डे असतो, तसा इथे गुड फ्रायडेला असायचा. 1927 पासूनचा तो कायदा 2018 मध्ये उठला. पबसुद्धा सोमवार ते गुरुवार रात्री साडेअकराला, शुक्रवार-शनिवारी साडेबाराला आणि रविवारी अकराला विकणं थांबवतात. पुढे ज्यांना नाचायचं ते क्लबात जातात. मी एकदा गेले, कान दोन दिवस वाजत होते, विषय संपला. नंतरची स्पाइस बॅग मात्र आवडली: कागदी पिशवीत चिप्स, तळलेलं चिकन, मिरच्या, कांदा आणि तिखट मसाला. चायनीज टेकअवेत मिळते, पण चीनमध्ये कुणी ऐकलेली नाही. आपल्या मंचुरियनची सख्खी बहीण.

गेल्या महिन्यात एका छोट्या पबच्या मागच्या खोलीत गाण्याची बैठक होती. वाद्य नाही, नुसता आवाज. एक जण डोळे मिटून जुनं आयरिश गाणं म्हणत होता आणि काउंटरवरचे लोकसुद्धा गप्प. इथली रीत अशी की गाणाऱ्याने पुढचा गाणारा निवडायचा. त्याने निवडली मला.

पळायला वाट नव्हती. आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्या म्हटल्या. दोन आल्या, तिसरीच्या मध्यावर शब्द गेले. कुणी हसलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने अर्थ विचारला. दळताना बायका माहेरच्या भावाला आठवतात, म्हटलं. तो म्हणाला, आमच्याकडे चरख्यावरची होती अशी, पूर्ण म्हणणारं आता घरात कुणी नाही.

सकाळी आईला फोन केला. "आजीच्या त्या ओवीची पुढची ओळ काय गं?"

"आज कुठे आठवली?"

"काल म्हटली. पबमध्ये."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आईने ओळ सांगितली, चालीवर, पूर्ण. आणि लगेच विचारलं, "घरी किती वाजता आलीस?"