तेवीस वर्षं आणि एक मत

रविवार, रात्र

दोन दिवस डोक्यात टागे एर्लांडर घोळताहेत. स्वीडनचे हे गृहस्थ ऑक्टोबर 1946 ते ऑक्टोबर 1969, म्हणजे सलग तेवीस वर्षं पंतप्रधान होते. आपल्या नेहरूंची कारकीर्द सतरा वर्षांनाही थोडी कमीच भरते, आणि ती आपल्याला केवढी लांबलचक वाटते!

त्यांची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पद सोडलं तेव्हा स्वतःचं घर नव्हतं, त्यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने बोमर्सविकला बांधून दिलं. पुढे पत्नी आइना सरकारी पेन्सिली परत करायला गेल्या म्हणे. हे ऐकलं की आपल्याकडे लगेच ‘नाहीतर आमचे!’ सुरू होतं. गोष्ट मलाही आवडते. पण पेन्सिली परत करून कुणी तेवीस वर्षं टिकत नाही.

मुळात ते आले कुणाच्या ध्यानीमनी नसताना. 6 ऑक्टोबर 1946च्या रात्री पंतप्रधान पेर अल्बिन हान्सन ट्रामने घरी निघाले होते, ट्राममधून उतरले आणि तिथेच कोसळून गेले. गुस्ताव मोलर हे ज्येष्ठ मंत्री, त्यांना आपलाच नंबर लागणार असं वाटत होतं. पक्षाने निवडलं पंचेचाळीस वर्षांच्या, उंचच उंच एर्लांडरना. मोलर दुखावले ते दुखावलेच. एर्लांडर रोजनिशी लिहीत. पुढे मुलाने ती छापली, तर तिच्यात रुबाब कमी, धाकधूक आणि सहकाऱ्यांबद्दलची कुरकुर जास्त. बाहेरून खडकासारखा दिसणारा माणूस रात्री वहीत असा कातावलेला असायचा, हे वाचून मला तरी बरं वाटलं.

खरी कसोटी पेन्शनची. कारकुनांना, अधिकाऱ्यांना नोकरीची पेन्शन मिळायची. बहुतेक कामगारांच्या वाट्याला फक्त सरसकट मिळणारी तुटपुंजी. एर्लांडर म्हणाले, जादा पेन्शन सगळ्यांना, तीही कायद्याने. 1957 साली तीन पर्याय ठेवून सार्वमत घेतलं. त्यांच्या पर्यायाला सगळ्यांत जास्त मतं पडली, पण निम्मी काही भरली नाहीत. शेतकऱ्यांचा पक्ष आघाडीतून बाहेर पडला. 1958मध्ये विधेयक आपटलं, तेव्हा त्यांनी कनिष्ठ सभागृह बरखास्त करून निवडणूक घेतली. निकाल काय, तर डावे 116, उजवे 115. त्यातला सभापती डाव्यांचा, त्याला मत नाही. झाले 115-115! मे 1959मध्ये मतदान झालं तेव्हा लिबरल पक्षाचे तूरे कोनिग्सन, मूळचे गोथेनबर्गचे कामगार, पक्षाला न जुमानता तटस्थ राहिले. कायदा 115 विरुद्ध 114 असा पास झाला. घोडेबाजाराची सवय लागलेल्या आपल्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, कोनिग्सनना काय मिळालं? मिळाली ती स्वतःच्या पक्षाची खप्पामर्जी.

बाकी उद्योगपती आणि कामगार संघटनांना हार्पसुंडच्या सरकारी बंगल्यावर एका टेबलाशी बसवणं, 1964 साली तिथल्याच होडीत सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना घालून स्वतः वल्ही मारणं, हे सगळं फोटोत छान दिसतं. पण सगळंच काही लोकांच्या कलाने चालत नव्हतं. गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालवायच्या का, असं 1955मध्ये लोकांना विचारलं, 83 टक्के नाही म्हणाले. 1967मध्ये गाड्या उजवीकडून धावू लागल्या!

1968मध्ये पक्षाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पद सोडलं. 1953 साली स्वतः सेक्रेटरी म्हणून घेतलेला ओलोफ पाल्म, पुढचा पंतप्रधान, तोवर तयार झाला होता. विजयानंतर खुर्ची सोडायची ही गोष्ट मला पेन्सिलींपेक्षा मोठी वाटते.

पण एक गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. आपल्याकडे सक्तीची नसबंदी म्हटलं की आणीबाणी आठवते. स्वीडनमध्ये 1934 आणि 1941च्या कायद्यांखाली 1975पर्यंत सुमारे 63,000 जणांची नसबंदी झाली, बहुतेक बायकांची. सगळ्याच जबरदस्तीच्या नव्हत्या, पण ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या कितीतरी जणींना खरा पर्यायच नव्हता. भरपाईचा कायदा झाला तो थेट 1999मध्ये. एर्लांडर यांची तेवीसच्या तेवीस वर्षं हा कायदा चालू होता. जो माणूस पेन्शनसाठी सभागृह बरखास्त करू शकतो, त्याला हा कायदा बदलणं जड नव्हतं. पेन्सिलींची गोष्ट सांगणाऱ्यांनी हेही सांगावं.