तिसरीची पोरं आणि पोहे-जिलबी

आज माझ्या जपानमधल्या शाळेत तिसरीला इंग्रजीचं ‘आय लाइक’ शिकवायचं होतं, तर पुस्तकातले पिझ्झा-सुशी ठेवले बाजूला आणि आईने इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीतून पाठवलेला पोहे-जिलबीचा फोटो दाखवला, झालं, सगळा वर्ग कामाला लागला की भात पिवळा कसा आणि वर हे बारीक नूडल्स कशाला 😄

इथे जपानमध्ये २०२० पासून तिसरी-चौथीला इंग्रजी आहे पण मार्क नाहीत, म्हणून पोरं चुकत-माकत बिनधास्त बोलतात, मला तर हेच फार पटतं, आपल्याकडे केजीपासून टेस्ट!

जेवणाची सुट्टी म्हणजे धमाल. पांढऱ्या टोप्या न एप्रन घालून पोरंच वाढतात, उरलेल्या दुधासाठी जानकेन, म्हणजे आपलं दगड-कागद-कात्री, मग शाळेची झाडलोट पण तीच करतात.

रात्री आत्याला इंदूरला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर लगेच, “आपण २०१७ लाच स्वच्छतेत नंबर वन आलो हं, सांग त्यांना!” म्हटलं अगं पण इथे आमचे हेडमास्तर पण फडकं घेऊन पुसतात, मीपण पुसते. तर म्हणे, “तू? घरी तर चहाचा कप उचलत नव्हतीस!”