एल-वनचा गार्ड

परवा संध्याकाळी कापसाचे गाठोडे आत टाकत होतो तर शेजारचा पोरगा मोबाईल घेऊन आला. 'भाऊ, हे पाहा बरं, एम्बसीत सिक्युरिटी, राहणं-खाणं फ्री, बंदूक बी भेटते म्हंते.' व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड, देशाचं नाव नाही, फक्त 'गल्फ व इतर'. मलाच काहून विचारलं, तर मी नागपुरात तीन वर्षं एका सरकारी ऑफिसच्या गेटवर होतो. म्हणजे ऑफिसचा नाही, एजन्सीचा. हा फरक गावात कोणाला समजत नाही, मलाही तिथं गेल्यावरच समजला.

पहिल्या दिवशी जो शर्ट दिला त्याच्या खिशावर आधीच्याच्या नेमप्लेटची दोन भोकं होती. बुटाचे पैसे पगारातून कापले, टॉर्चचे सेल माझे मीच आणायचो. खासगी सिक्युरिटी एजन्सीसाठी 2005 चा जो कायदा आहे, पसारा म्हणतात तो, त्याच्या नियमात नव्या गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानात ट्रेनिंग पाहिजे, मला भेटलं ते इतकंच की रजिस्टर असं भर अन् साहेबाची गाडी आली की उभा राह्य. सुपरवायझरला बोललो तर तो म्हणे, 'एल-वनमध्ये घेतलं बाबू टेंडर, काय पुरते त्यात?' एल-वन म्हणजे सगळ्यात कमी रेट भरणारा.

तर एम्बसीचं. मला वाटायचं तिथं तरी असं नसेल, आणि अमेरिकेसारख्या देशाचं तर नसेलच. पण 1990 च्या सुमारास त्यांनी कायदाच केला होता की परदेशातल्या दूतावासाच्या लोकल गार्डचं कंत्राट अटीत बसणाऱ्यांपैकी सगळ्यात स्वस्तवाल्याला द्यायचं, इराक-अफगाणिस्तानसाठी नंतर सूट दिली ती गोष्ट वेगळी. आत त्यांचे मरीन म्हणजे फौजी असायचे, त्यांचं मुख्य काम तेव्हा गुप्त कागदपत्रं सांभाळायचं, गेटवर कंत्राटी माणूस. 2009 मध्ये काबूलच्या त्यांच्या दूतावासाची तक्रार बाहेर आली, तर बरेचसे गार्ड नेपाळी आणि त्यांचं इंग्रजी इतकं कच्चं की वरचे त्यांच्याशी हातवारे करून बोलत. हल्ला झाला असता तर काय हातवारे करणार होते? 2012 ला लिबियातल्या बेनगाझीत अमेरिकेच्याच कचेरीच्या गेटवर ब्रिटिश कंपनीनं ठेवलेली तिथलीच पोरं होती, हातात बंदूक नाही. हल्ला झाला त्या रात्री राजदूत स्टीव्हन्स धरून चार अमेरिकन गेले.

उलटंही झालंय. 2007 ला बगदादच्या निसूर चौकात अमेरिकेच्या दूतावासाच्या ताफ्याचं काम घेतलेल्या ब्लॅकवॉटर या खासगी कंपनीच्या गार्डांनी गोळीबार केला, 17 साधी माणसं मेली. इराकचा कायदा त्यांना लागू नव्हता, तसा हुकूमच होता. अमेरिकेतच केस चालून 2014 ला चौघं दोषी ठरले आणि 2020 च्या डिसेंबरात ट्रम्पनं माफी देऊन टाकली.

पण पोराला मी सांगितली ती 2016 ची काबूलची गोष्ट. कॅनडाच्या दूतावासाचे कंत्राटी गार्ड सकाळी ड्युटीवर निघाले, साध्या मिनीबसमध्ये, चिलखती वगैरे काही नाही. आत्मघाती हल्ल्यात 14 जण गेले, बहुतेक नेपाळी आणि दोन आपले, देहरादूनकडचे. साहेब लोक भिंतीच्या आत आणि भिंत राखणारे रस्त्यावर.

आपला काबूलचा दूतावास आयटीबीपीकडे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे होता. 2008 च्या 7 जुलैला गेटवर गाडीबॉम्ब फुटला त्यात आपले दोन जवान गेले, पण ते सरकारचे जवान म्हणून गेले, कोणत्या एजन्सीचं मस्टर शोधावं नाही लागलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये राजदूतासोबत हे जवान विमानानं परत आले, त्यांचे तीन कुत्रेसुद्धा आणले. कुत्रे! आमच्या एजन्सीनं कंत्राट संपल्यावर माणसाला शेवटचा पगार द्यायला चार महिने फिरवलं.

कंत्राटी गार्ड कुठंच नको असं मी म्हणत नाही. शांत देशात व्हिसाची लाईन सांभाळायला तिथलाच माणूस बरा, भाषा तरी येते, आणि 1961 च्या व्हिएन्ना करारानं दूतावास सांभाळायची मुख्य जबाबदारी तशीही त्या देशाच्या सरकारचीच. पण जिथं बॉम्ब फुटतात तिथं आपल्या देशाच्या वर्दीतलाच माणूस पाहिजे, तिथं एल-वन चालत नाही.

पोरगा सगळं ऐकून म्हणे, 'हाव भाऊ, पण पगार?' आता त्याला काय सांगू, इथं क्विंटलमागे काय उरते ते त्यालाही माहीत आहे. म्हटलं, त्या एजंटला तीन गोष्टी विचार: ई-मायग्रेट या सरकारी साईटवरचा तुझा रजिस्ट्रेशन नंबर काय, कागदावर मालक म्हणून नाव कोणाचं आणि मेलो तर बॉडी कोण आणते. त्यानं माझ्यासमोरच टाईप केलं, तिसरा प्रश्न 'काही झालं तर' असा बदलून टाकला.

आज सकाळपर्यंत नुसते दोन निळे टिक दिसत होते. पोरगा तुरीवर फवारणीला गेला, मोबाईल आमच्याकडं चार्जिंगला लावून.